केळीच्या भावाचं मॉडेल बनवताना कॉलमच्या टाइपनेच घाम काढला (माझा अनुभव)

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव म्हणजे रोजचा विषय, तर मागच्या काही वर्षांचे भाव, पाऊस आणि तापमान घेऊन पुढच्या आठवड्याचा अंदाज काढता येतो का ते बघायचं म्हणून मी पायथनमध्ये मॉडेल करायला घेतलं. अल्गोरिदमला फार वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो कॉलमच्या टाइपने (त्यात आकडा आहे, मजकूर आहे की तारीख), म्हणून तेवढंच नीट लिहितोय.

फिट म्हटलं, म्हणजे मॉडेलला डेटा शिकवायला घेतला, की एरर, स्ट्रिंगचं (मजकुराचं) फ्लोट (दशांश आकडा) होत नाही. पांडाजमध्ये (पायथनची टेबल हाताळायची लायब्ररी) डीटाइप्स, म्हणजे कॉलमचे टाइप, बघितले तर भाव, पाऊस, तारीख सगळं ऑब्जेक्ट, म्हणजे मजकूरच! भावात कुठे १,२५० असा स्वल्पविराम, कुठे १२००-१४०० अशी रेंज, आणि काही महिने तर आकडे देवनागरीत टाइप केलेले. देवनागरीचं टेन्शन होतं पण पायथनचं साधं फ्लोट फंक्शन ते आकडे बरोबर ओळखतं, वेगळं काही करावं लागत नाही, मला फार बरं वाटलं ते बघून. स्वल्पविराम रिप्लेसने काढला, रेंज तोडून किमान आणि कमाल असे दोन कॉलम केले. नुसती सरासरी ठेवली तर मालात किती फरक होता ते कळतच नाही, आणि केळीत तोच तर मुद्दा असतो.

सगळ्यात जास्त अडकलो ते पावसाच्या कॉलमला. त्यात आकड्यांच्या मधे कुठे "निरंक" तर कुठे नुसती रेघ. नेटवर सगळे सांगतात टू न्यूमरिकमध्ये (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) एरर्सला कोअर्स द्या, म्हणजे जे जमत नाही ते रिकामं होतं, काम झालं. एरर जातो हे खरं, पण निरंक आणि रेघ दोन्हीचं नॅन (रिकामी नोंद) होतं आणि पांडाज काहीच बोलत नाही. गावात पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या नानांना विचारलं तर म्हणाले, "निरंक म्हंजे पाणी पडलंच नई भो, अन् रेघ म्हंजे त्या दिवशी मोजलंच नई." म्हणजे एक शून्य आणि दुसरं गायब! मग आधी निरंकच्या जागी ० टाकला, रेघेच्या दिवशी शेजारच्या महसूल मंडळाचा आकडा घेतला आणि त्यानंतरच टाइप बदलला. कोअर्स मी आता वापरतो ते फक्त काय काय नॅन होतंय त्याची यादी काढायला.

तारखेचंही तसंच. ०१/०७ म्हणजे आपली १ जुलै, पांडाज त्याला ७ जानेवारी समजतं, त्यामुळे जुलैचा पाऊस भर थंडीत दिसायला लागला. जुन्या व्हर्जनमध्ये १३ तारखेपासून पुढचे दिवस बरोबर आणि आधीचे उलटे असा गोंधळ व्हायचा, २०२३ च्या २.० पासून पहिल्या तारखेवरून फॉरमॅट ठरतो आणि पुढे जुळला नाही की एरर येतो, ते बरंच म्हणायचं. फॉरमॅट स्वतः लिहून दिला की प्रश्न मिटला.

उलटा प्रकार तालुक्याच्या कोडचा. रावेर १, यावल २, चोपडा ३. आकडेच असल्याने एरर येत नाही, पण लिनिअर रिग्रेशन (आकड्यांवरून सरळ रेषेत अंदाज काढणारं मॉडेल) चोपड्याला रावेरच्या तिप्पट धरतं आणि त्याला काही अर्थच नाही. त्यात काही ओळी रिकाम्या, म्हणून पांडाजने पूर्ण कॉलम फ्लोट केला, ३ चं ३.० झालं, आणि टेक्स्ट करून दुसऱ्या शीटशी जोडायला गेलं तर एकही ओळ जुळेना. कोड सुरुवातीलाच स्ट्रिंग म्हणून वाचले, मग वन हॉट एन्कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक तालुक्याला ०/१ चा वेगळा कॉलम. मालाच्या प्रतीला मात्र क्रम असतो, तिथे ऑर्डर्ड कॅटेगरी (क्रम लावलेले गट) ठेवली.

हे एन्कोडिंग करणाऱ्या एन्कोडरमध्ये हँडल अननोन (अनोळखी नाव आलं तर काय करायचं) ला इग्नोर द्यायला विसरू नका, नाहीतर नवीन फाइलमध्ये ट्रेनिंगला नसलेला एखादा तालुका, समजा मुक्ताईनगर, आला की प्रेडिक्ट (अंदाज काढणं) तिथेच थांबतं. एन्कोडर आणि मॉडेल एकाच पाइपलाइनमध्ये (एकामागून एक चालणाऱ्या पायऱ्या) सेव्ह केलेत, त्यामुळे नवीन फाइल आली की आता आधी फक्त निरंक, रेघ आणि तारखा बघाव्या लागतात.