तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा आयपीएल पॅच का बंद झाला?

आमचा ग्रूप एका जुन्या क्रिकेट गेममध्ये आयपीएलचे संघ बसवून ते फुकट वाटायचा, तोच हा पॅच. मार्च उजाडला की विचारणा सुरू होते. "दादा, यंदाचा आयपीएल पॅच कधी?" बंद केलाय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "का? गेमच्या कंपनीने नोटीस पाठवली का?" एका लग्नात तर स्टेजवर आहेर द्यायला गेलो तेव्हा नवऱ्या मुलाने माझा हात धरून हेच विचारलं, मागे रांग खोळंबलेली असताना. तेव्हा एकदा नीट लिहून टाकतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवेन.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' हा गेम २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. बनवला होता कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने. त्यानंतर या मालिकेत ईएने दुसरा गेम काढलाच नाही. आणि आयपीएल सुरू झाली २००८ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे या गेममध्ये आयपीएल नाही आणि कंपनीकडून ती कधी येणारही नव्हती. भारतीय खेळाडूंची नावंसुद्धा परवान्याअभावी तोडूनमोडून घातलेली. पण गेम घरातल्या साध्या पीसीवर मजेत पळायचा, त्यामुळे तो गल्लोगल्ली पोचला होता. मग भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सगळीकडच्या हौशी पोरांनी गेमच्या फायली उघडून त्यात नवे संघ, नव्या जर्सी, नवी मैदानं भरायला सुरुवात केली. याला मॉडिंग म्हणतात. खेळणारे सगळे त्याला पॅचच म्हणतात.

आमचा मुंबईतला सहा-सात जणांचा ग्रूप यातलाच एक. ओळख ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवरची, त्यामुळे बरीच वर्षं एकमेकांची खरी नावंही नीट माहीत नव्हती. ज्याच्या त्याच्या स्टेशनच्या नावाने हाका मारायचो. मी भांडुप. जर्सी आणि लोगो करी रोडकडे. मैदानं वसईकडे. खेळाडूंची यादी, म्हणजे रॉस्टर, कळव्याकडे. गेममधले इंग्लिश काउंटी संघ, म्हणजे तिकडचे स्थानिक संघ, काढून त्यांच्या जागी आम्ही आयपीएलचे संघ बसवायचो. वरून मुंबई इंडियन्स दिसायची, गेमच्या पोटात मात्र ती शेवटपर्यंत एक काउंटीच होती. कॉमेंट्री मार्क निकोलस आणि रिची बेनो यांची. तिला आम्ही हात लावला नाही. बुमराची ॲक्शनही आम्हाला कधी जमली नाही, ते एक राहूनच गेलं.

आता नोटिशीचं. नोटीस आली नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत असं घडलंय हे खरं. २०१७ च्या जूनमध्ये जीटीए हा गेम काढणाऱ्या टेक-टू कंपनीने त्याच्या फायली उघडणाऱ्या ओपनआयव्ही या टूलवर कायद्याचा बडगा उगारला. खेळणाऱ्यांनी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर वाईट रिव्ह्यूंचा असा पाऊस पाडला की ते टूल थोड्याच दिवसांत परत आलं. २०२१ मध्ये याच कंपनीने जुन्या जीटीएचे कितीतरी मॉड उतरवायला लावले आणि वर्ष संपायच्या आत त्याच जुन्या गेमची नवी आवृत्ती बाजारात आणली. आम्ही तरी धुतल्या तांदळासारखे होतो असं कुठंय! संघांचे लोगो, स्पॉन्सरांची नावं, खेळाडूंचे चेहरे, कशाचीच परवानगी नव्हती. पण कोणी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पैसे घेतले असते तर टिकला असता", हे सांगणारेही पुष्कळ. स्टीम चालवणारी वाल्व्ह आणि स्कायरिम हा गेम काढणारी बेथेस्डा या कंपन्यांनी २०१५ च्या एप्रिलमध्ये स्कायरिमचे मॉड पैसे घेऊन विकायची सोय काढली होती. मॉड करणाऱ्याला २५ टक्के. आठवडा पुरा व्हायच्या आत ती गुंडाळावी लागली. आमच्याकडे तर हिशेबच जमला नसता. कळव्याचा रॉस्टर, त्यावर बांगलादेशातल्या कोणाचे तरी चेहरे, बॅटी पाकिस्तानातल्या पोराच्या, पंचांचे कपडे कुठून आले देव जाणे. पैसे वाटायला बसलो असतो तर तिथेच तुटलो असतो. फुकट होतं म्हणून एकमेकांचं घेता येत होतं.

पैसे दुसऱ्यांनी केले, ते वेगळं. एका दुकानात आमचा पॅच घातलेली सीडी 'आयपीएल क्रिकेट २०१२' म्हणून शंभर रुपयांना मिळत होती, कव्हरवर आमचाच स्क्रीनशॉट. करी रोडने एक विकत घेतली. म्हणाला, छपाई बरी आहे.

काम काय असायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गेममधला शर्ट म्हणजे एक चौकोनी चित्र. पुढची बाजू, पाठ, बाह्या, कॉलर, सगळं त्यात सपाट मांडलेलं असतं, शिंप्याने बेतून ठेवलेल्या कापडासारखं. त्यावर लोगो रंगवायचे. बाहीवरचा स्पॉन्सर शिवणीच्या जरा पलीकडे गेला की मैदानात तो अर्धा काखेत जातो आणि बॉलरने हात वर केल्यावरच दिसतो. हे आधी समजत नाही, गेम चालू करून बघावं लागतं. मग बंद करायचा, चित्र दोन पिक्सेल सरकवायचं, पुन्हा चालू. २०१६ मध्ये पुण्याचा नवा संघ आला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. करी रोडने जीव ओतून सगळं केलं. २०१७ मध्ये संघाने नावातला शेवटचा एस काढून टाकला, नुसतं सुपरजायंट. त्या एका अक्षरापायी लोगो, स्कोअरबोर्ड, मेनूतली पाटी, सीमारेषेवरचे बोर्ड, सगळं पुन्हा. आणि त्या सीझननंतर संघच राहिला नाही. पुढे दिल्ली डेअरडेव्हिल्सचे कॅपिटल्स झाले, किंग्ज इलेव्हनचे पंजाब किंग्ज झाले, तेव्हा करी रोड नुसता हात जोडलेला इमोजी टाकायचा.

वसईचं वेड वेगळं. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी वानखेडे नव्याने बांधलं, छप्पर बदललं. गेमला ते नवं वानखेडे हवं होतं आणि त्यासाठी फोटो हवे होते. मरीन लाइन्स सोडून गाडी चर्चगेटकडे निघाली की स्टेडियमला अगदी खेटून जाते. वसई रोज त्याच गाडीने कामाला यायचा. पश्चिमेच्या दारात उभा राहून तो छपराचे, खांबांचे, स्टँडच्या पाठीचे फोटो काढायचा. उतरायच्या घाईतल्या लोकांच्या शिव्या खाऊन. जवळजवळ प्रत्येक फोटोत ओव्हरहेड वायर आडवी यायची. ती एकेक वायर पुसत त्याने रात्री काढल्या. आतले फोटो त्याने एका मॅचला तिकीट काढून घेतले. मॅच कोणी जिंकली विचारलं तर त्याला सांगता येईना.

आणि कळवा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

रॉस्टर म्हणजे नुसती नावं नव्हेत. प्रत्येक खेळाडू उजवा की डावा, बॉलिंग कुठली, कितव्या नंबरला येतो, दमतो किती, फिल्डिंग कशी, बॅट कुठली, चेहरा कोणाच्या जवळपास. आयपीएलचा संघ जास्तीत जास्त २५ जणांचा. कोहली, रोहितचं सोपं असतं. पण विदर्भाचा किंवा आसामचा एखादा पोरगा २० लाखांत घेतलेला असायचा आणि तो डावखुरा आहे की नाही हे कळायला कळवा कुठलीतरी जिल्हा पातळीची मॅच यूट्यूबवर बघत बसायचा. मग ताकदीचे आकडे. ते जरा जास्त पडले की अकरावा खेळाडूही सिक्सर मारत सुटतो. जरा कमी पडले की ६० रनांत संघ गारद. म्हणून कळवा कॉम्प्युटरलाच दोन्ही बाजूंनी खेळवायचा आणि स्वतः बाजूला डबा खात स्कोअर टिपायचा. आकडे बदलायचा, पुन्हा खेळवायचा.

याचं कौतुक कोणी केलं नाही. पॅच आला की लोक लिहायचे, "काय जर्सी आहे दादा!" "वानखेडे एक नंबर!" रॉस्टरबद्दल फक्त तक्रार यायची: अमक्याचं रेटिंग कमी का, तमक्याचा हात चुकलाय. बरोबर असलेले दोनशे खेळाडू कोणाला दिसत नाहीत, कारण ते बरोबर असतात.

२०१८ चा मोठा लिलाव कळव्याने पार पाडला. २०२२ ला दोन संघ वाढले, गुजरात आणि लखनौ, आणि पुन्हा मोठा लिलाव, म्हणजे दहाच्या दहा संघ विस्कटले. तेही त्याने केलं. सीझन संपल्यावर एवढंच म्हणाला की आता नाही जमणार. भांडण नाही, रुसवा नाही. घरी लहान मूल होतं, कामाची पाळी बदलली होती. समजावण्यासारखं काही नव्हतंच.

आम्ही माणूस शोधला. यायला पोरं तयार होती, चांगली होती, पण येणाऱ्या प्रत्येकाला जर्सी करायची होती. एकाला तर फक्त मुंबईचीच. रॉस्टर करशील का विचारलं की "बघतो दादा" म्हणायचा आणि दिसेनासा व्हायचा. मी स्वतः थोडे दिवस करून पाहिलं. मला पहिल्याच संघात झोप आली, कळव्याबद्दलचा आदर मात्र वाढला. माझं मत विचाराल तर फुकटच्या कामातली मंडळी पैशावाचून किंवा कायद्याने क्वचितच फुटतात. जे काम कोणालाच दाखवता येत नाही ते करणारा माणूस उठून जातो आणि त्या खुर्चीत बसायला कोणी मिळत नाही. बाकीचे आपापल्या चकचकीत कामात इतके गुंग असतात की खुर्ची रिकामी झाल्याचंही उशिरा कळतं.

त्यात आयपीएलचं वेळापत्रक. हौसेला खरं म्हणजे तारीख नसावी. आमच्या हौसेला होती, दरवर्षी मार्चअखेर, आणि लोक ती आम्हाला ऑफिसातल्या साहेबासारखी विचारायचे. "अजून किती वेळ?" "बाकीच्यांचा आला, तुमचा कुठाय?" वाईट वाटण्यापेक्षा हसूच यायचं, पण सलग चारपाच वर्षं तेच ऐकलं की हसू कमी होतं. शिवाय २०१४ च्या डॉन ब्रॅडमन क्रिकेट या दुसऱ्या गेममध्ये खेळाडू तयार करून इतरांना द्यायची सोय आतच होती. तिकडे गेलेली मंडळी परत आली नाहीत. मोबाइल आल्यावर तर काय, विचारूच नका.

शेवटी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटलो. मला हे असंच विझू द्यायचं नव्हतं. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही फायली ठेवायची साइट बंद पाडली तेव्हा आमचे सुरुवातीचे सगळे पॅच एका रात्रीत गेले होते. आमच्यापैकी कोणाच्याही हार्डडिस्कवर ते धड नव्हते. पुढे मुलतानच्या एका पोराकडे सापडले, त्याने एमटीएनएलच्या आमच्या नेटला झेपतील अशा बारक्या तुकड्यांत पाठवले. तेव्हा या वेळी जे आहे ते नीट लावून, सगळ्यांना घेता येईल असं ठेवून मगच बंद करायचं ठरलं. सोबत चार ओळींची परवानगी: घ्या, बदला, मूळ करणाऱ्यांचा उल्लेख ठेवा, विकू नका.

यावर सगळे लगेच हो म्हणाले असं नाही. करी रोड लेयर सुटे असलेल्या मूळ फायली, ज्यात रंग, लोगो वेगवेगळे बदलता येतात, द्यायला तयार नव्हता. "कोणीतरी रंग बदलणार आणि आपलं म्हणून टाकणार." वसई म्हणाला, टाकू दे, माझं वानखेडे तरी कुठे माझं आहे. बराच वेळ हुज्जत चालली, चहा दोनदा झाला. करी रोडने शेवटी शर्टाचे कोरे साचे दिले, लोगोच्या फायली दिल्या नाहीत. अजूनही दिलेल्या नाहीत. मला त्याचं म्हणणं पटत नाही, पण काम त्याचं आहे.

कळव्याने एक एक्सेल दिली. दहा संघ, सगळे खेळाडू, आणि शेवटचा रकाना 'कुठून कळलं'. त्यात 'रणजी, हायलाइट्स' वगैरे आहेच, पण 'बॉलिंगचा फोटो उलटा छापलेला, खरा हात उजवा' हेही आहे, आणि एका नावापुढे 'शेजाऱ्याचा मेहुणा याच्याबरोबर टेनिस बॉल खेळलाय, डावखुरा नक्की'.

गेल्या वर्षी सोलापूरच्या एका मुलाने त्या फायली घेऊन स्वतःचा पॅच काढला. मी उतरवून खेळलो. जर्सी सुरेख आहेत, आमच्यापेक्षा सरस म्हटलं तरी चालेल. रॉस्टर २०२२ चाच आहे. त्याला कळव्याची एक्सेल वेगळी पाठवली आणि बुमरापासून सुरुवात कर म्हटलं. उत्तर आलं, "हो दादा, आधी चेन्नईची जर्सी संपवतो."