चौरसाचे कोडे, चार विद्यार्थी आणि ‘युरेका’

पदवीच्या विद्यार्थ्याने केलेले संशोधन म्हणजे शिक्षकांच्या प्रकल्पातले हलके काम, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. मी गणित शिकवतो, आणि हा समज कानावर आला की मला केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील ब्रुक्स, स्मिथ, स्टोन आणि टट हे चौघे आठवतात. १९३६ ते १९३८ या काळात, पदवीचा अभ्यास सांभाळून, त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता: कोणतेही दोन सारखे नसतील अशा लहान चौरसांत एखादा चौरस पूर्णपणे विभागता येईल का? हा प्रश्न कोणा प्राध्यापकाने नेमून दिला नव्हता. तो कोड्यांच्या एका पुस्तकातून आला होता. टट तर त्या वेळी रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते.

चौरस हाती लागेना, म्हणून त्यांनी आधी आयत घेतले. अशा आयतांपैकी सर्वांत साधा ३३ रुंद आणि ३२ उंच असून तो नऊ चौरसांचा बनतो. पोलंडच्या झ्बिग्न्येव मोरोन यांनी तो १९२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. वरच्या कडेला १८ आणि १५ बाजूंचे चौरस बसतात. १५ च्या खाली ७ आणि ८, तर १८ च्या खाली १४ आणि ४ येतात. पुढे ४ आणि ७ यांच्या खालच्या कडा एका रेषेत येतात आणि त्या ११ लांबीच्या रेषेखाली १० आणि १ मावतात. शेवटी १ आणि ८ मिळून ९ ला जागा देतात. वाचकाने चौकटीच्या कागदावर हे एकदा काढून पाहावेच, कारण पुढची कल्पना त्या चित्रातच दडलेली आहे. प्रत्येक आडवी रेषा म्हणजे विद्युत मंडलातील एक जोडबिंदू, प्रत्येक चौरस म्हणजे एकक रोधाची तार आणि चौरसाची बाजू म्हणजे त्या तारेतून वाहणारा प्रवाह, असे मानले की रेषेच्या वरच्या आणि खालच्या चौरसांच्या बाजूंची बेरीज सारखी असणे हा, जोडबिंदूत जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो असे सांगणारा, किरचॉफचा नियमच ठरतो. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातला नियम भूमितीच्या प्रश्नाला असा लावावा, हे त्या चौघांना सुचले. आणि एकदा ते सुचल्यावर आयत शोधणे हे अंदाजाचे काम न राहता हिशेबाचे झाले.

ब्रुक्स यांनी अशाच एका आयताचे तुकडे कापून कोडे तयार केले होते. त्यांच्या आईने ते सोडवले खरे, पण तिने लावलेली मांडणी मुलाच्या मूळ मांडणीपेक्षा निराळी निघाली. एकाच तुकड्यांच्या दोन मांडण्या का जुळाव्यात, या शोधातून बरेचसे पुढचे गणित निघाले. असमान चौरसांत विभागलेल्या चौरसाचे पहिले उदाहरण छापण्याचा मान १९३९ मध्ये बर्लिनच्या रोलंड श्प्राग यांना मिळाला. तरीही चौघांनी १९४० मध्ये ‘ड्यूक मॅथेमॅटिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातील पद्धत अधिक दूरवर गेली.

मला याहून महत्त्वाची वाटते ती या कामाभोवतीची हवा. केंब्रिजच्या गणितप्रेमी विद्यार्थ्यांच्या ‘आर्किमिडियन्स’ या मंडळाने १९३९ मध्ये ‘युरेका’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचे संपादन विद्यार्थीच करतात. जानेवारी १९४० च्या अंकात हार्डी यांचा युद्धकाळातील गणितावरचा लेख आहे. म्हणजे विद्यार्थी संपादक आणि त्या काळचा थोर गणिती एकाच अंकात भेटतात. या चौघांनी ‘ब्लांश देकार्त’ हे सामाईक टोपणनाव घेतले होते आणि १९४७ मध्ये त्या नावाने रंग भरण्याचा एक प्रश्न ‘युरेका’त आला. विद्यार्थ्यांच्या अंकात छापलेला तो मजकूर आलेख सिद्धान्ताच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या गणिताच्या, शोधनिबंधांत अजूनही संदर्भ म्हणून दिला जातो.

आपल्याकडे नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा मिळाली आहे, आणि त्याचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते. पण पदवी पुरी होण्याआधी ‘पेपर’ पदरात पडावा, म्हणून पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांकडे मुले वळताना दिसतात, तेव्हा जीव तुटतो. पुण्यातील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले होते की, विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीत आलेल्या आणि कोणत्याही प्रमुख सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता आहे. अशा ठिकाणी लेख कोणी वाचत नाही, कोणी शंका काढत नाही, आणि म्हणून लिहिणारा काही शिकतही नाही.

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या अंकात नेमके उलटे घडू शकते. तिसऱ्या वर्षाची मुलगी दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा लेख हाती घेते आणि ‘ही पायरी कुठून आली?’ असे समासात लिहून परत पाठवते. त्याला ती पायरी पुन्हा मांडावी लागते, आणि तिला दुसऱ्याची सिद्धता शब्दशः तपासण्याची सवय लागते. त्यासाठी विभागाने खोली, छपाईचा खर्च आणि अडल्यास विचारता येईल असा एक प्राध्यापक एवढे द्यावे. अंकात काय घ्यायचे, काय परत पाठवायचे आणि कोणता न सुटलेला प्रश्न छापायचा, हे मात्र मुलांनीच ठरवावे.