कूलरचा पंप

"कोणत्या कूलरले पाह्यजे? लोखंडी का प्लास्टिक?" दुकानदारानं विचारलं. पंप लेझर कटरला हवाय, असं म्हटलं असतं तर पुढचा अर्धा तास गेला असता. म्हटलं, "लहान आहे. घरचाच."

खोटं नव्हतंच. घरच्या वर्कशॉपात बसवलेल्या या ४० वॅटच्या कटरची, किरण तयार करणारी काचेची नळी सतत गार पाण्यावर जगते. पाणी २५ अंशांच्या आत राहिलेलं बरं, आणि नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळवतं. म्हणून बादलीत बर्फाच्या बाटल्या. फ्रीजरमधला वाटाणा त्यापायी बेघर झाला. त्यावर घरात जे बोललं गेलं ते इथं नको.

माझ्या कटरमधला हा कार्बन डायऑक्साइड लेझर पहिल्यांदा बनवणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे. १९६४ साली अमेरिकेत, बेल लॅब्समध्ये त्यांनी तो बनवला. नागपूरच्या इतवारीत वाढले असते तर यंत्राला वाळ्याची ताटी तेव्हाच लागली असती.

खोलीला खिडकी एकच, तिच्यात कूलर. धुराचा पाइप तिथूनच काढायचा, म्हणून कूलर हलला. ठेवूनही उपयोग नव्हता. दमट हवेत गार नळीला घाम फुटतो, आणि तिच्या टोकाला हजारो व्होल्ट. आता नळी कोरडी, घाम मला.

किरण वळवून लाकडापर्यंत नेणाऱ्या आरशांचं काम मात्र आवडीचं. आरशापुढं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, चष्मा चढवायचा, बटण जेमतेम दाबून सोडायचं. किरण दिसत नाही, टेपवर तपकिरी ठिपका तेवढा उमटतो. पुढचा आरसा जवळ आणला काय, लांब नेला काय, ठिपका एकाच जागी पडला की जमलं. जमत नाही. स्क्रू आणखी पाव आटा.

पहिलं काम तान्ह्या पोळ्याचा बैल, ३ मिलिमीटर प्लायवुडचा. या सणाला पोरं लाकडी बैल घरोघरी ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. लहानपणीचा आमचा बैल महाल भागातल्या सुताराकडचा. भरीव, पाठीवर रंगाचे ओघळ, एक चाक तिरकं. शिंगांना मात्र अशी डौलदार बाकं, की तसली मला अजून काँप्युटरवर काढता येत नाहीत. हा नवा, जळक्या कडांचा, खाचेत खाच बसवलेला, फरशीवर अगदी सरळ रेषेत पळतो.

आमचा डावीकडे जायचा. जाऊ द्यायचो. डावीकडच्या घरांतून बोजारा बरा मिळायचा.