धक्का सोडतानाच बॉयलर का फुटायचे?

अमेरिकेतल्या ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरच्या जुन्या आगबोटींचे कितीतरी बॉयलर धक्का सोडता सोडताच फुटले. २५ एप्रिल १८३८ ला सिनसिनाटीजवळ ‘मोझेल’ प्रवासी घेऊन निघाली आणि बोट पुढे ढकलणारी वल्ह्यांची चाकं फिरायला लागताच तिचे चारही बॉयलर उडाले. शंभराहून जास्त माणसं गेली. याला नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण घोटाळा यंत्राच्या रचनेतच होता.

बॉयलरला पाणी देणारा पंप मुख्य इंजिनावरच चाले. बोट धक्क्याला लागली, चाकं थांबली, की पंपही थांबे. भट्टी मात्र पेटलेलीच. सेफ्टी व्हॉल्व्हमधून, म्हणजे जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, वाफ सोडली तर पाणी घटायचं, व्हॉल्व्ह दाबून धरला तर दाब चढायचा. झोकात निघायची हौस असलेले लोक व्हॉल्व्हच्या दांड्याला जादा वजन लटकवायचे.

त्यात प्रवासी निरोप द्यायला एका बाजूला गोळा झाले की ही उथळ तळाची बोट कलायची. बॉयलर शेजारी शेजारी आडवे, खालून नळाने जोडलेले. पाणी खालच्या अंगाच्या बॉयलरांत उतरायचं आणि वरच्या अंगाच्या बॉयलरमधली धुराची नळी उघडी पडून तापायची. तापलेलं लोखंड मऊ पडतं, मग नेहमीचा दाबही त्याला पेलत नाही.

पाणी किती आहे हे बघायला बॉयलरच्या तोंडाशी एकाखाली एक तीन तोट्या असत. मधली उघडल्यावर पाणी आलं तर ठीक. खालचीतूनही नुसती वाफ आली तर धोका. पण नदीचं पाणी गढूळ, उकळताना फेसाळायचं. फेस तोटीतून थुंकल्यासारखा उडायचा आणि इंजिनिअरला वाटायचं, पाणी भरपूर आहे. शिवाय गाळ तळाशी बसून पत्र्यावर थर धरायचा. त्या थराखालचा पत्रा पाण्याअभावी तापावा तसाच तापायचा.

जुलै १८३८ च्या कायद्याने बोट थांबली असताना व्हॉल्व्ह उघडा ठेवायची सक्ती केली, दंड २०० डॉलर. पण थांबलेल्या पंपाचं काय? खरा चाप बसला १८५२ च्या कायद्याने: ४२ इंच व्यासाच्या, पाव इंच पत्र्याच्या नव्या बॉयलरमधल्या वाफेच्या दाबाला दर चौरस इंचाला ११० पौंडांची मर्यादा, पाण्याच्या दाबाने १६५ पौंडांपर्यंत चाचणी आणि इंजिनिअरला परवाना.

पंपाचं कोडं यंत्रवाल्यांनीच सोडवलं. स्वतःचं छोटं वाफेचं इंजिन असलेला वेगळा पंप आला. नदीवर त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. बोट धक्क्याला उभी असली तरी तो बॉयलरला पाणी पाजत राही.