तुम्ही विचारलंत म्हणून : क्रीमशिवाय ट्रफल मऊ कसे राहतात?

"वैनी, खरं सांगा, क्रीम घालता ना?"

हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, बिल्डिंगच्या जिन्यात, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथंही विचारलाय. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला: "मग सोलापूरच्या उन्हात ते वितळत कसे नाहीत?" तर नाही, माझ्या चॉकलेटच्या ट्रफलमध्ये मी क्रीम घालत नाही. क्रीमचं काम माझ्याकडे बेदाणे करतात. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर घरी करायला घेतलंत तर फसाल, म्हणून सगळं नीट लिहिते.

ट्रफल मूळचा फ्रान्सचा. क्रीम गरम करायचं, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, ढवळून एकजीव करायचं. याला गनाश म्हणतात. ट्रफलसाठी साधारण दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम. थंड झालं की गोळ्या वळायच्या आणि कोको पावडरमध्ये घोळवायच्या. जमिनीखाली उगवणारी ट्रफल नावाची एक महागडी अळंबी असते. कोकोत घोळवलेली गोळी मातीतून काढलेल्या त्या अळंबीसारखी दिसते म्हणून हे नाव. भट्टी नाही, ओव्हन नाही, पाक नाही. म्हणून लोकांना ते सोपं वाटतं, आणि आहेही सोपं. फक्त हवा थंड पाहिजे.

चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. तोंडात 37 अंश असतात, म्हणून चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं, आणि खरी मजा तीच. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो. म्हणजे स्वयंपाकघरच तोंडापेक्षा गरम. तिथं गनाशची गोळी कितीही सुरेख वळली तरी ती गोळी राहणार कशी?

मी हे शिकले ते एका एप्रिलमध्ये. माझी मावशी पंढरपूरजवळ कासेगावला असते. तिच्या नातवाच्या वाढदिवसाला म्हणून मी क्रीमचे चाळीस ट्रफल केले, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, स्टीलच्या डब्यात भरले आणि सकाळच्या एसटीनं निघाले. पंढरपुरात उतरून पुढच्या गाडीची वाट बघण्यात बारा वाजले. मावशीच्या घरी डबा उघडला तर आत चॉकलेटचा लगदा. डबा कलला होता त्या बाजूला सगळं जाऊन बसलेलं. मला फार वाईट वाटलं. पोरं भोवती जमलेली होती.

मावशीनं डबा हातातून घेतला. त्यांची बेदाण्याची शेड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर मोकळा होतो आणि आतलं पाणी लवकर निघतं. मग शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत पसरायचे. बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाचा जेमतेम एक किलो होतो. तर मावशीनं त्या लगद्यात दोन मुठी ताजे बेदाणे घातले, चटणीसाठी भाजून कुटून ठेवलेला शेंगदाण्याचा कूट घातला, आणि पुरण मळावं तसं मळलं. "टाकायचं कशाला? लाडू वळू की," एवढंच म्हणाली. बोराएवढ्या गोळ्या झाल्या. पोरांनी हाणल्या. पाच-सहा ताटलीत उरल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत ओट्यावर तशाच होत्या. मऊ झाल्या होत्या, पण बसल्या नव्हत्या.

सोलापुरात परत आल्यावर मी क्रीम काढूनच टाकलं आणि बेदाणे वाढवत गेले. प्रमाण बसायला सहा-सात घाणे लागले.

कारण असं आहे. बेदाण्यात साधारण पंधरा टक्के पाणी असतं आणि ते साखरेनं घट्ट धरून ठेवलेलं असतं. गोळीला मऊपणा देण्याइतकं ते असतं, पण वाहून जाण्याइतकं किंवा लवकर नासण्याइतकं नसतं. शिवाय त्यात गर आहे, चोथा आहे. चॉकलेट उन्हानं सैल झालं तरी चोथा सैल होत नाही, तो गोळीला आतून धरून ठेवतो. क्रीममध्ये असं धरणारं काहीच नाही.

आता माप. साधारण तीस ट्रफल होतात. डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, बेदाणे 150 ग्रॅम, बी काढलेला मऊ खजूर 100 ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे 75 ग्रॅम, दोन मोठ्या डाळिंबांचा रस, चिमूटभर मीठ. वरून घोळवायला कोको. वरून साखर अजिबात नाही. मिठाला चिमूट म्हटलं तरी ते विसरू नका, मिठाशिवाय खजुराचा गोडपणा नुसता पुढं पुढं करतो.

बेदाणे बघून घ्या. दोन बोटांत दाबला की दबला पाहिजे आणि हळूहळू परत फुगला पाहिजे. कडकडीत झालेला जुना माल स्वस्त मिळतो, तो दुधात घालून खायला ठीक, इथं नको. लांबट मण्याचा सोनाका मिळाला तर मी तोच घेते. सोनाका ही द्राक्षाची जात आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधून काढलेली. नान्नज म्हटलं की सगळ्यांना माळढोकाचं अभयारण्य आठवतं, मला हे द्राक्ष आठवतं.

आणि डाळिंब. सोलापूरच्या ट्रफलमध्ये डाळिंब पाहिजेच असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं. 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, सांगोल्याकडून भगवा जातीच्या डाळिंबाच्या पेट्या येतात, मग घालायचं नाही तर काय? मी सुरुवातीला ताजे दाणेच आत भरले. त्या दिवशी फार छान लागले, दाताखाली दाणा फुटला की आंबटगोड पाणी आणि कडवट चॉकलेट. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गोळीला घाम फुटलेला, कोको ओला होऊन चिखल झालेला. ताज्या फळातलं पाणी बाहेर येणारच, ते कुणाला थांबवता येत नाही. स्ट्रॉबेरी, किवी, संत्र्याची फोड, सगळ्यांची गत तीच. ताजं फळ घालायचंच असेल तर फडक्यावर खडखडीत कोरडं करून नुसतं वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवा आणि त्याच दिवशी संपवा. त्याला ट्रफल म्हणू नका.

म्हणून आता मी रस आटवते. दाणे चाळणीवर वाटीनं दाबून रस काढायचा. मिक्सरमध्ये जोरात फिरवू नका, बी वाटलं गेलं की कडू होतं. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडाचं किंवा साधं ॲल्युमिनियमचं नको, रस आंबट असतो. पेलाभर रस मंद आचेवर चार मोठे चमचे उरेपर्यंत आटवायचा. शेवटी शेवटी बुडबुडे लहान लहान होत जातात, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ तशीच राहते आणि घरभर गूळ उकळल्यासारखा पण आंबट वास सुटतो. तिथून पुढं हलायचं नाही, अर्ध्या मिनिटात जळतो. गॅस बंद करून त्यात बेदाणे टाका आणि तासभर झाकून ठेवा. बेदाणे रस पिऊन घेतात. पाणी गेलेलं असतं, चव राहिलेली असते.

मग बेदाणे आणि खजूर मिक्सरला थांबत थांबत फिरवायचे. लगदा व्हायला पाहिजे, पण मधूनमधून बेदाण्याचा तुकडा लागला पाहिजे. शेंगदाणे मात्र मी खलबत्त्यातच कुटते. आपली शेंगाचटणी उखळात का कुटतात? कुटल्यानं दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी आपोआप धरून येते. इथंही तेच. मिक्सरचा कोरडा कूट गोळीला नुसता भरीला पडतो, कुटलेला कूट तिला बांधतो.

चॉकलेटचं एक सांगते. पाकिटाच्या मागे वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असं काही असेल तर ते कंपाउंड. कंपाउंडला मी नावं ठेवत नाही. वरून बुडवायला, चकचकीत कवच करायला सोलापुरात तेच सोयीचं, कारण खरं चॉकलेट नीट टेंपर केल्याशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून-निववून घेतल्याशिवाय, त्यावर पांढरे डाग येतात. पण गोळीच्या आत खरंच घाला. जिभेवर विरघळतं ते खरं, कंपाउंडचा टाळूला तुपकट थर बसतो. आत फक्त 200 ग्रॅम लागतं, तिथं हात आखडू नका.

वितळवताना पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, गॅस बंद करा, वर भांडं ठेवा. भांड्याचा बूड पाण्याला लागू नये आणि वाफेचा थेंब आत पडू नये. एक थेंब पडला तरी चॉकलेट खडबडीत होऊन गोळा होतं, कारण त्यातली कोरडी साखर आणि कोको तेवढ्या पाण्यानं ओले होऊन एकमेकांना चिकटतात. घाबरू नका आणि फेकूही नका. एक-दोन चमचे गरम पाणी घालून जोरात घोटा, पुन्हा सैल होतं. थेंबानं बिघडतं आणि चमच्यानं सुधरतं, हे ऐकायला विचित्र आहे पण तसंच होतं. तसंही आपण त्यात फळाचा लगदा घालणार आहोत, त्यामुळे हे मिश्रण पिठाच्या गोळ्यासारखं घट्टच होतं. कूट, मीठ घालून मळा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

वळायचं माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्यांनी आयुष्यात ट्रफल पाहिला नव्हता. पहिल्यांदा मी वळत होते आणि प्रत्येक गोळी तळव्याला चिकटत होती. त्या खुर्ची ओढून बसल्या. "काय करायलीस गं? बेसनाचा लाडू नाही तो." त्यांनी हात गार पाण्यात बुडवले, टॉवेलला पुसून कोरडे केले, बोटांच्या टोकांना तूप नव्हे, कोको लावला. मिश्रणाचा तुकडा तोडला आणि अंगठा नि दोन बोटं, एवढ्यातच फिरवला. तळहात लागूच दिला नाही. बोटांची पेरं गार असतात, तळहात गरम, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सात-आठ गोळ्या झाल्या की पुन्हा हात गार पाण्यात. वात वळतात तशी नाजूक, चटचट बोटं. त्यांची गोळी थोडी ओबडधोबड असते, पण फाटत नाही. मी अजूनही त्यांच्याइतकी वेगानं वळत नाही.

घोळवायला कोको सगळ्यांत चांगला. जानेवारीत मात्र मी भाजलेले तीळ लावते. सोलापुरात ट्रफलचा खरा मोसम तोच, हवा गार आणि गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाच्या दिवशी पाहुणे येतात, तिळगुळाच्या डब्याशेजारी या गोळ्या ठेवते. संक्रांतीला चॉकलेट कशाला, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

थंडीत झाकणाच्या डब्यात बाहेर आठवडाभर राहतात. उन्हाळ्यात दिवसभर बाहेर चालतात, रात्री फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका. थंड गोळीवर गरम हवेतलं पाणी धरतं आणि कोको ओला होतो. वीस-पंचवीस मिनिटं झाकण बंद राहू द्या. मावशीला मी आता दर एप्रिलमध्ये एसटीनंच पाठवते.

शेवटचा प्रश्न बहुतेक आषाढीच्या आसपास येतो: उपासाला चालतात का? ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. आमच्या सासूबाईंना उपासाला कोको चालत नाही. म्हणून एकादशीला करायचे असतील तेव्हा चॉकलेट ओतायच्या आधी बेदाणे, खजूर आणि कुटाचा थोडा गोळा मी बाजूला काढते, त्यात सैंधव घालते, आणि त्यांच्या ताटलीत सहा गोळ्या वेगळ्या ठेवते. त्या वळायच्या मात्र त्याच.