उन्हात ठेवायची छत्री

जगात एकच छत्री अशी आहे, जी भर उन्हात उघडी ठेवावी लागते आणि पाऊस आला की कामातून जाते. आमच्या नागपुरात टीव्हीच्या डिशला अजूनही पुष्कळ जण छत्रीच म्हणतात. ‘छत्री हलली’, ‘छत्रीवर कावळा बसला’, ‘छत्रीवाल्याला फोन लाव’. मे महिन्यात पारा 45च्या पुढे सरकला की माणसं कूलरसमोरून उठत नाहीत, पण ती बिचारी गच्चीवर आग्नेयेकडे तोंड करून तपश्चर्येला उभी असते. एकदा बसवली की आपण तिला विसरतो. माझीही तिच्याशी ओळख झाली ती दादामुळे, म्हणजे दादाच्या गाडीमुळे.

दादा निवृत्त झाला आणि त्यानं आयुष्यभराचं वेड पुरं केलं. वाडीकडच्या एका गॅरेजातून ट्रॅव्हलरचं चालतं घर करून आणलं. मागे दोन बाक-कम-बिछाने, मधे गॅसची शेगडी, एक बेसिन, पुढे बसायची जागा. आणि दोन टीव्ही. पुढचा दादासाठी, कारण क्रिकेट. मागचा आईसाठी, कारण साडेसातची मालिका. आई 78 वर्षांची आहे. घर सोडून कुठेही येते, मालिका सोडून येत नाही. दादा आणि आई यांच्यात रिमोटवरून छत्तीसचा आकडा आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हणून दोन टीव्ही. वहिनीनं विचारलं होतं, ‘‘मग सहलीला जाऊन राहिलो की घर हलवून राहिलो?’’ तिला कोणी उत्तर दिलं नाही.

टपावर एक छत्री बसवली. एकच, कारण टप तेवढाच. आता एका छत्रीतून दोन टीव्हीला सिग्नल कसा न्यायचा? दादानं सीताबर्डीवरून एक छोटा स्प्लिटर आणला, डबीएवढा. एका बाजूनं केबल आत, दुसऱ्या बाजूनं दोन बाहेर. घरी केबल टीव्हीच्या काळात हेच केलं होतं, चाललं होतं. गाडीत नाही चाललं. म्हणजे चाललंही, आणि नाहीही. आईची मालिका छान लागायची. मग दादानं पुढे चॅनल बदललं की मागे आईच्या मालिकेतल्या सुनेचा चेहरा चौकोन चौकोन होऊन गोठायचा. ‘‘अरे, काय केलंस?’’ आई ओरडायची. ‘‘मी काही नाही केलं!’’ दादा ओरडायचा. आणि खरोखर, त्याच्या परीनं त्यानं काही केलेलंच नसायचं.

कोडं सोडवलं ते छत्री बसवणाऱ्या पोट्ट्यानं. पंचविशीचा असेल. टपावर चढून त्यानं छत्रीच्या पुढच्या दांड्यावरची ती छोटी खुंटी दाखवली, जिला एलएनबी म्हणतात. मला वाटायचं की ही छत्री नुसती ऐकते, आकाशातून पडेल ते झेलते आणि खाली पाठवते. तसं नाही. केबलमधून खालूनही वर काहीतरी जातं. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी दोन प्रकारच्या असतात, काही उभ्या डुलणाऱ्या, काही आडव्या. आपण ज्या चॅनलचं बटण दाबतो, ते उभ्यात आहे की आडव्यात, हे टीव्हीजवळचा आपला सेट-टॉप बॉक्स एलएनबीला सांगतो, आणि सांगतो ते विजेच्या दाबानं. उभी हवी असेल तर 13 व्होल्ट, आडवी हवी असेल तर 18. त्यावरून एलएनबी कान फिरवते. एका केबलवर, एका वेळी, एकच कान.

‘‘काका, स्प्लिटरनं चित्र वाटल्या जाते, हुकूम नाही वाटल्या जात,’’ तो म्हणाला. ‘‘आजीचा बॉक्स तेरा मागून राहिला, तुमचा अठरा. दोन्ही एकदम गेले तर जास्तवाला जिंकते.’’

आई खालून म्हणाली, ‘‘हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.’’

त्या पोट्ट्यानं उतरताना आणखी एक गोष्ट सांगितली. चालत्या गाडीत खरी खोडी केबलच्या टोकाला असते. ते टोक सोलून त्यावर स्क्रूचं कनेक्टर बसवतात. आतली तांब्याची तार बाहेरच्या जाळीच्या एका केसाला जरी चिकटली, तरी सिग्नल गेला. घरी एकदा घट्ट बसलं की बसलं. गाडी मात्र खड्ड्यागणिक ते सैल करते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ 36,000 किलोमीटरवर. एवढं अंतर कापून आलेलं चित्र शेवटच्या चार मीटरमध्ये, बेसिनच्या मागे, एका तारेच्या केसापायी हरवतं. पुन्हा 36चाच आकडा, असं मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

मग दादानं दुसरा उपाय केला. बॉक्स एकच ठेवला आणि त्यातून निघणारं चित्र एचडीएमआयच्या स्प्लिटरनं दोन्ही टीव्हींवर नेलं. हे मात्र बिनचूक चाललं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, गोठणं नाही. फक्त दोन्हीकडे एकच चॅनल. आईनं पुढच्या टीव्हीकडे पाहिलं, मागच्या टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा पुढच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘दोन ताटं मांडली, पण दोन्हीत पिठलंच.’’

अमेरिकेत असली चालती घरं फार. तिथं राहणाऱ्या आमच्या आतेभावाला दादानं विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे टपावर घुमट असतो, त्यात छोटी डिश मोटरवर फिरते, बटण दाबलं की स्वतःच उपग्रह शोधते. दादाचे डोळे चमकले. मग भावानं पुढचं सांगितलं. तिथल्या कंपन्यांची चॅनलं वेगवेगळ्या जागांच्या उपग्रहांवर वाटलेली असतात, आणि त्या घुमटातली डिश एका वेळी एकाच दिशेला बघू शकते. तेव्हा पहिला बॉक्स म्हणेल तिकडे ती वळते. दुसऱ्या बॉक्सवाल्यानं त्याच उपग्रहावर जे असेल त्यात समाधान मानायचं. म्हणजे एवढा घुमट, एवढे डॉलर, आणि शेवटी बैठकीत बसणारा कर्ता पुरुषच ठरवणार. मला बरं वाटलं, का ते सांगत नाही.

शेवटी उपाय साधा निघाला. एलएनबी बदलून ट्विन लावली. एकाच खुंटीत दोन कान, दोन तोंडं. प्रत्येकातून वेगळी केबल, वेगळा बॉक्स, वेगळा हुकूम. चार टीव्ही असतील तर क्वाड मिळते. बिल्डिंगसाठी मल्टिस्विच नावाची पेटी असते, ती डझनावारी घरांचे तेरा-अठरा सांभाळते. दुसऱ्या बॉक्सचे महिन्याला वेगळे पैसे, ते दादानं कुरकुरत भरले. घरात शांतता आली.

ती शांतता खिंडसीपर्यंत टिकली.

रामटेकच्या पलीकडे खिंडसीचा तलाव आहे, नागपुरापासून तासा-दीड तासावर. मृग लागून दोन दिवस झाले होते, पावसाचा पत्ता नव्हता, ऊन मी म्हणत होतं. दादानं काठावरच्या एका मोठ्या आंब्याखाली गाडी लावली. सगळे खूश. टीव्ही लावला: ‘सिग्नल नाही’. नागपूरकडून आमच्या कंपनीचा उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून साधारण 60 अंश वर दिसतो. दिसतो म्हणजे डोळ्यांना नाही. आंबा नेमका त्याच कोपऱ्यात पसरलेला. दादानं गाडी उन्हात घेतली. सिग्नल आला. पत्रा असा तापला की आतल्या लिटरभर पाण्याचा चहा न उकळता झाला असता. वहिनी म्हणाली, ‘‘मला मालिका नाही पायजे, मला झाड पायजे.’’ आई म्हणाली, ‘‘मला दोन्ही पाहिजे.’’

चालत्या घराचं हे जुनं दुखणं आहे म्हणे: सावली आणि सिग्नल एका जागी मिळत नाहीत. त्यावरचा तोडगाही जुना. छत्री टपावरून काढायची, तिपाईवर बसवून दूर उन्हात मांडायची आणि लांब केबल ओढून गाडी सावलीत ठेवायची. दादाकडे तिपाई होती. मग सुरू झालं ते, जे मी गच्चीवरून लहानपणापासून ऐकत आले आहे.

‘‘आलं का?’’

‘‘नाही!’’

‘‘आता?’’

‘‘आलं… गेलं! थोडं मागे घे!’’

एक गंमत त्या दिवशी कळली. छत्री बघते तिथं उपग्रह नसतोच. तिची खुंटी मधोमध नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे तबकडी दिसते तिच्यापेक्षा वीस-बावीस अंश वर तिचं लक्ष असतं. ती समोरच्या टेकडीकडे बघतेय असं वाटत होतं, ती बघत होती कुठल्या कुठे वर. आमच्या वर्गात एक मास्तर होते, त्यांचं असंच होतं. फळ्याकडे बघून शेवटच्या बाकाला पकडायचे.

चित्र लागलं. दोन्हीकडे, दोन वेगळी. आई बाकावर टेकली आणि तिला दुर्गजवळचं तिचं मामाचं गाव आठवलं. 1975 साली सरकारनं अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या एका उपग्रहावरून सहा राज्यांतल्या जवळपास 2,400 गावांत टीव्ही दाखवला होता. दुर्ग-रायपूरचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. ‘‘गावाला एकच टीव्ही,’’ आई म्हणाली. ‘‘आणि छत्री केवढी, हौदाएवढी. कोंबड्यांच्या खुराड्याची असते ना, तशी जाळी.’’ ती छत्री खरोखरच तीन मीटरची असायची. अख्खं गाव संध्याकाळी खाली बसायचं, खताची माहिती बघायचं. मी विचारलं, चॅनल कोण ठरवायचं? आई म्हणाली, ‘‘चॅनल म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.’’

साडेसातला ढग आले. आंब्याची पानं उलटी व्हायला लागली, तलावावरून मातीचा वास आला आणि मृगानं दोन दिवसांचा हिशेब एकदम चुकता केला. आधी दादाचा फलंदाज गोठला. लगेच आईची सून. मग दोन्ही पडद्यांवर एकच निळी चौकट. या लहरींची लांबी असते अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या थेंबांचा पाऊस त्या वाटेतच पिऊन टाकतो. कनेक्टर घट्ट करून काही होत नाही. ट्विन लावूनही नाही.

दादाला हे पटणं शक्य नव्हतं. त्यानं गाडीतली खरी छत्री उचलली, काळी, लाकडी मुठीची, बाबांची. पळत तिपाईपाशी गेला आणि ती उघडून डिशवर धरली. स्वतः पूर्ण बाहेर. मी छत्रीवाल्या पोट्ट्याला फोन लावला. एक काडी रेंज होती. तो म्हणाला, ‘‘ताई, काकांना सांगा, पाऊस तिथं नाही अडवत, वर चार-पाच किलोमीटर अडवून राहिला.’’

मी दार उघडून सांगणार, तेवढ्यात आईनं खिडकीची काच सरकवली.

‘‘अरे,’’ ती ओरडली, ‘‘तू तरी छत्रीखाली ये!’’