चौदावा हिस्सा

‘द हॉबिट’च्या शेवटाकडची पाच सैन्यांची लढाई नीट कळायची असेल, तर आधी वाटणीचा हिशेब मांडावा. १९३७ साली आलेल्या या कादंबरीत टॉल्किनने लोभ चक्क अपूर्णांकांत लिहून ठेवला आहे.

स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेलं डोंगरातलं धन परत मिळवायला निघालेले ड्वार्फ (बुटक्या लोकांची एक जमात) तेरा, थोरिन त्यांचा म्होरक्या, आणि चौदावा कथानायक बिल्बो. करारानुसार त्याचा वाटा जास्तीत जास्त १/१४, तोही नफा झालाच तर. स्मॉग मेल्यावर लेकटाउन गावचा धनुर्धर बार्ड डोंगराच्या दाराशी येतो. ड्रॅगन त्याने मारलेला आहे. त्या ढिगाऱ्यात त्याचा पूर्वज गिरियन याचंही धन मिसळलेलं आहे. आणि ज्या लेकटाउनने ड्वार्फांना आसरा दिला, ते ड्रॅगनच्या रागात बेचिराख झालं आहे. या आधारावर तो १/१२ मागतो. थोरिनचं उत्तर म्हणजे दूताच्या ढालीत रुतलेला बाण.

पुढे आर्केनस्टोन, म्हणजे थोरिनच्या घराण्याचा सर्वांत मोलाचा मणी, बार्डच्या हाती दिसल्यावर हाच थोरिन त्याच्या बदल्यात सोन्याचांदीचा १/१४ कबूल करतो, रत्नं सोडून. १/१२ वजा १/१४ म्हणजे १/८४. रत्नं बाजूला ठेवली तर दोघांमधलं अंतर एवढंच होतं! शिवाय हा १/१४ थोरिनच्या पदरचा नाहीच, तो बिल्बोचा वाटा. आणि सैन्य घेऊन येणाऱ्या डाइन या नातलगाच्या मदतीने काहीही न देता तो मणी परत मिळवता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात चालूच असतो.

तरीही थोरिनला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. दाराशी सशस्त्र सैन्य उभं असताना बोलणी करणार नाही, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. बिघडतं ते इथे, की या रास्त मुद्द्याच्या आडून तो बार्डचा तितकाच रास्त हक्क नाकारतो. लोभी माणूस अनेकदा न्यायाचीच भाषा बोलतो, आणि टॉल्किनने ते अचूक टिपलं आहे.

बिल्बोही धुतल्या तांदळासारखा नाही. तो मणी त्याने गुपचूप खिशात घातलेला असतो, आणि थोरिन सगळीकडे शोधत असताना तो गप्प राहतो. मग एका रात्री तो बॉम्बुर या ड्वार्फाचा पहारा स्वतःकडे घेतो, भिंतीवरून दोराने उतरतो आणि बोलणी पुढे सरकावीत म्हणून मणी बार्डच्या हाती देतो. मणी देणं धाडसाचं आहेच, पण खरी कसोटी त्यानंतरची. बार्डच्या बाजूने आलेला एल्फांचा (रानात राहणाऱ्या अमर लोकांचा) राजा त्याला तिथेच थांबायला सांगतो, तिथे मानही मिळाला असता आणि सुरक्षितताही. तो मात्र परत जातो, कारण बॉम्बुरला मध्यरात्री उठवायचं कबूल केलेलं आहे. सकाळी मणी कुणी दिला हेही तो स्वतःच सांगतो, आणि थोरिन त्याला भिंतीवरून फेकून द्यायला निघतो. बिल्बो परतला नसता तर त्या कृत्याला फितुरी म्हणता आलं असतं.

प्रत्यक्ष लढाई थोडक्यात उरकते. डाइनचे पाचशेहून अधिक ड्वार्फ माणसांवर आणि एल्फांवर चाल करतात, तेवढ्यात बोल्ग या म्होरक्याचे गॉब्लिन (दुष्ट राक्षसी जमात) आणि लांडगे येतात आणि जादूगार गँडाल्फ या तिघांना एका बाजूला आणतो. एल्फ दक्षिणेच्या सोंडेवर, माणसं आणि ड्वार्फ पूर्वेच्या. ही एकी भीतीतून आलेली आहे आणि तेवढ्याने लढाई जिंकली जात नाही. थोरिन दारावरची भिंत पाडून बाहेर पडतो तरी पारडं फिरत नाही, ते गरुड आणि अस्वलाचं रूप घेणारा बेऑर्न आल्यावर फिरतं. बिल्बो डोक्यात दगड लागून बेशुद्ध पडतो, म्हणून काही वाचक हिरमुसतात. पण त्याचं काम लढाईच्या आधीच झालेलं असतं, तलवार चालवणं हे त्याचं काम नव्हतंच.

एकीची परीक्षा होते ती लढाई संपल्यावर, शत्रू उरलेला नसताना. थोरिनचे भाचे फिली आणि किली गेलेले, थोरिनही बिल्बोशी समेट करून गेलेला. थोरिनला पुरताना बार्ड आर्केनस्टोन त्याच्या छातीवर ठेवतो. डाइन बार्डला सोन्याचांदीचा १/१४ देतो. अपूर्णांक तोच, पण आता ओलीस ठेवलेला मणी नाही आणि वेढाही नाही. बार्ड त्यातला मोठा भाग लेकटाउनच्या प्रमुखाकडे लोकांसाठी पाठवतो. तो प्रमुख बरंचसं सोनं घेऊन पळतो आणि ओसाड रानात उपाशी मरतो.

बिल्बो दोन लहान पेट्या घेतो, एक सोन्याची, एक चांदीची. निरोप घेताना डाइनने दिलेला मोत्यांचा हार तो एल्फांच्या राजाला देतो, त्याच्या महालात लपून राहिला होता तेव्हा चोरून खाल्लेल्या अन्नाचा मोबदला म्हणून.